चर्चच्या पायरीवरचा लोटा

बाबा,

तुमचा लोटा माझ्या घरी आला आहे. ओट्यावर, गॅसच्या डाव्या बाजूला ठेवला आहे. आणताना कोणी प्रार्थना केली नाही की गीत म्हटलं नाही. नव्या पाळकांनी तो कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, तुमच्याजवळच ठेवा हा." त्यांच्या आवाजात राग होता की सुटका होती, मला कळलं नाही. चांगला पोरगा आहे, वाईट वाटलं असेल त्याला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी मला तुमचा खोकला आठवावा लागतो, मग त्याच्या मागून आवाज येतो. तरी हे तुम्हालाच सांगायला पाहिजे. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर लोटा म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, आणि गल्लीत ज्यांना तो ठाऊक आहे ते सगळे सध्या माझ्याशी बोलत नाहीत. खरं तर तुमच्यासाठीही इथपासूनच सुरुवात करते. तुम्ही पायरीवरून जे पाहिलंत आणि मी स्वयंपाकघरातून जे पाहिलं, ते एकच नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आणि आदल्या संध्याकाळी तयारीची सभा. ज्याचं कोणाशी भांडण असेल त्यानं ते मिटवल्याशिवाय भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्याच मंडळ्यांमध्ये असतो आणि बहुतेक ठिकाणी तो तोंडानं म्हणण्यापुरता असतो. तुम्ही इथले पाळक असताना तो पायरीवर आणून बसवलात. भांडणाऱ्या दोघांना चर्चच्या खालच्या पायरीवर शेजारी शेजारी बसवायचं, सगळ्या गल्लीदेखत दोघांचं ऐकून घ्यायचं आणि मग आपल्या घरातला पितळी लोटा भरून मागवायचा. अर्धा एकानं प्यायचा, उरलेला दुसऱ्यानं. ह्याच गावात एकमेकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं ते दिवस ज्यांना आठवत होते, ते लोटा धरण्याआधी दोन्ही हात धोतराला पुसून घ्यायचे. नुसती माफी मागून हे झालं नसतं, हे तुम्हाला नेमकं कळलं होतं. पाणी पिऊन झालं की तुम्ही उभे राहून म्हणायचात, "लोट्यावरचं पुन्हा काढायचं नाई." आणि मिटलेलं भांडण खरंच कोणी पुन्हा काढत नसे. चर्चमागच्या मळ्यातले दोघे भाऊ, दरसाल देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला जाणारी माणसं, मिरचीला पाणी द्यायच्या पाळीवरून त्यांनी एकमेकांवर विळे उगारले होते. तेही आले, पायरीवर बसले, पाणी प्याले. थोरला जाताना म्हणाला, "पास्टरसाहेब, देव तुमचा असो का आमचा, पानी तं एकच हाय." हे वाक्य तुम्ही पुढं किती उपासनांमध्ये सांगितलंत! आई म्हणायची, त्या माणसानं एक वाक्य म्हटलं आणि ह्यांना वर्षभराचा उपदेश मिळाला.

त्या दिवसांत आपली गल्ली नावाजलेली होती. चर्चच्या कमानीवरचा दिवा रात्रभर जळायचा, पोरी शिकवणीहून एकट्या यायच्या, आणि ठाण्यातले जमादार जाता येता आपल्या अंगणात चहाला थांबायचे. "पास्टरसाहेब, तुमच्या गल्लीपायी आमचा धंदा बसला ना," ते म्हणायचे, आणि तुम्ही लाजत लाजत बिस्किटाची बशी पुढं करायचात. हातभट्टीवाल्याचा किस्सा तर तुम्ही पाहुण्यांना हटकून सांगायचात. आई आणि मंडळीतल्या बायका रोज संध्याकाळी त्याच्या झोपडीसमोर सतरंजी टाकून खंजिरीवर गीतं म्हणायला लागल्या. आठवड्याभरात तो हात जोडून आला. "माय, गाणं लय चांगलं हाय वो, पन गिऱ्हाईक पळून राह्यले माह्ये." त्यानं भट्टी उचलली आणि नाल्यापलीकडे नेली. तुम्ही इथंच थांबायचात आणि सगळे हसायचे. पुढची गोष्ट मला दवाखान्यात नोकरीला लागल्यावर कळली. नाल्यापलीकडे ना दिवा होता, ना पायरी, ना खंजिरी. तिथून आमच्याकडे डोकी फुटलेली माणसं यायची, पोटात चाकू बसलेली यायची, आणि केसपेपरवर पत्ता नाल्यापलीकडचा पडायचा. आपल्या गल्लीचा पडत नसे. गल्ली स्वच्छ राहिली हे खरं आहे, बाबा, पण झाडलेला कचरा कुठं गेला हे आपण कधी पाहिलं नाही.

आणि जो गेला नाही तो घरात राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो.

मी नर्सिंगला निघाले त्या सकाळी तुम्ही मला घड्याळ दिलंत, छातीवर टाचायचं, उलटं लटकणारं. एसटी यायची होती, तुम्ही ते माझ्या पदराला लावून पाहत होतात आणि सांगत होतात, "नाडी मोजतानी काट्याकडं कमी पाह्य, माणसाच्या तोंडाकडं जास्त पाह्य. तोंड खोटं बोलत असलं तं नाडी सांगते अन् नाडी समजली नाई तं तोंड सांगते." तुम्ही कधी कोणाची नाडी मोजली नव्हती. तरी सगळ्या शिक्षणात मला इतकं कामाचं कोणी काही सांगितलं नाही. ते घड्याळ बंद पडलं, नवी आली, आता तर मोबाईलवरच पाहतात पोरी. सवय मात्र तुमचीच राहिली, म्हणून माझा तुमच्यावरचा राग जास्त आहे.

मी नर्सिंग शिकत असतानाच्या त्या शनिवारी सुट्टीवर घरी आहे. आई उद्याच्या प्रभुभोजनाच्या रसासाठी काळ्या मनुका उकळते आहे, घरभर गोड वास आहे. मागच्या दारानं ती येते. आपल्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा त्याची बायको. तो काळीपिवळी चालवायचा, मोताळ्याहून धामणगाव बढ्यापर्यंत. गळा असा की अंत्यविधीला तो गायला की परकी माणसंसुद्धा रडायची. ती चुलीजवळ पाटावर बसते, पदर खाली सरकू देत नाही. आई गरम पाण्यात फडकं बुडवून तिच्या पाठीवर धरते आणि मी पहिल्यांदा ते वळ पाहते. काही ताजे, काही पिवळे पडलेले, काही काळे. पुस्तकात ह्या रंगांवरून दिवस ओळखायला शिकवलं होतं. मला तिथं दिवस नाहीत, महिने दिसतात. आई काही विचारत नाही. तिला सगळं ठाऊक होतं. आपल्या स्वयंपाकघरात किती बायका त्या पाटावर बसून गेल्या हे तुम्हाला कधी कळलं का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, पाठ शेकून घ्यायची आणि पुढच्या दारानं उपासनेला यायचं. सरकारी दवाखाना चालत गेलं तरी लांब नव्हता. पण तिथं गेलं की लिहिलं जातं, आणि लिहिलं की गल्लीचं नाव जातं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तुम्ही आत आलात. ती उठून उभी राहिली. ह्याआधी दोनदा तुम्ही त्या नवरा-बायकोला पायरीवर बसवलं होतं, दोन्ही वेळा त्यानं हात जोडले होते, डोळ्यांतून पाणी काढलं होतं, आणि दोघं एका लोट्याचं पाणी प्याले होते. ती म्हणाली, "पास्टरसाहेब, त्यानं काल मले चुलीतल्या लाकडानं मारलं. आता मले त्याच्या घरी नाई राह्यचं. तुमी ठान्यात चाला माह्यासंगं. तुमी असले तं जमादार आयकतील." एवढंच मागितलं होतं तिनं. तुमच्या चेहऱ्यावर मला आधी दुःख दिसलं, आणि मग ते दुसरं काहीतरी दिसलं, चढावर गाडी बंद पडल्यावर ड्रायव्हरच्या तोंडावर येतं तसं. तुम्ही तिच्याकडं पाहिलं नाहीत. फडताळातल्या लोट्याकडं पाहिलंत. "बाई, दोनदा लोटा झाला तुमचा. लोट्यावरचं पुन्हा काढायचं नसते. तू काढत राह्यली तं उद्या सारेच काढतील, मंग त्या पायरीले अर्थ काय राह्यला?" ती म्हणाली, "मी जुनं नाई काढून राह्यली जी. हे कालचं हाय." मी म्हणाले, "बाबा, तिची पाठ पाहा." तुम्ही माझ्यावर ओरडलात, आयुष्यात पहिल्यांदा. "दोन बुकं शिकली तं संसार मोडायले शिकली का?" आईनं मनुकांखालची आच कमी केली. त्या बाईनं पदर नीट केला आणि ती आईला म्हणाली, "येतो काकू." पुढच्या दारानं गेली.

दोन दिवसांनी ती सापडली मळ्यातल्या विहिरीत. मळ्यातल्या थोरल्या भावानं पाहिलं, त्यानंच दोर टाकून वर काढली. पोलिसांची जीप चर्चच्या वाटेनंच आली, मळ्याला दुसरी वाट नव्हती. पेटीवाला जमिनीवर डोकं आपटून रडत होता, पाणी भरायला गेली आणि पाय घसरला म्हणत होता. जमादार विहिरीवरून सरळ तुमच्याकडं आले. मी दारात उभी होते. त्यांनी टोपी काढून विचारलं, "पास्टरसाहेब, तुमचा शबद म्हनजे शबद. घरात काई भांडन होतं का?" आणि तुम्ही म्हणालात, "मिटलं होतं."

तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला कितीदा सांगितलं. तुमच्या हिशेबानं ते मिटलेलंच होतं. दोन वेळा, सगळ्या गल्लीदेखत. जो नियम तुम्ही केला त्याच्यापलीकडचं तुम्हाला त्या क्षणी दिसतच नव्हतं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं आणि दुसऱ्या कोणी उत्तर दिलं असतं तर जमादारांनी आणखी चार घरी विचारपूस केली असती. पण पास्टरसाहेब म्हणाले म्हटल्यावर त्यांनी टोपी घातली आणि ते गेले. पाय घसरून, असंच ठरलं. मळ्यातला थोरला ओल्या धोतरानं अंगणात आला आणि तुमच्यासमोर उभा राहिला. "पास्टरसाहेब, तिच्या पाठीवरचे वळ पान्यानं नाई आले." तुम्ही आत जाऊन दार लावून घेतलंत. तो पुन्हा कधी आपल्या पायरीवर चढला नाही. पेटीवाल्यानं काही महिन्यांनी गाव सोडलं, तिकडं जालन्याच्या बाजूला दुसरं लग्न केलं असं ऐकलं. तुम्ही तिच्या अंत्यविधीत बोललात, फार सुंदर बोललात. मी ते अजून तुम्हाला माफ केलेलं नाही.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला, आईला आणि मला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तुम्हाला वाटत असेल की आपल्या एकट्यालाच ठाऊक होतं. प्रभुभोजनाचे छोटे काचेचे प्याले आपल्याच घरी धुतले जायचे. आई धुवायची, मी पुसायची. त्या विहिरीनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला ताटात एक प्याला भरलेला परत आला. पाळक सगळ्यांना देऊन शेवटी घेतो, मंडळीकडं पाठ करून. तुम्ही प्याला ओठांना लावलात आणि तसाच ठेवलात. आईनं तो उचलला, खिडकीतून मोगऱ्याच्या मुळाशी ओतला आणि धुतला. माझ्याकडं पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. मी सुट्टीला यायची तेव्हा तेवढं पाहायची. तुम्ही शेवटच्या आजारात पडेपर्यंत एकदाही तो प्याला रिकामा आला नाही. ज्याचं कोणाशी भांडण मिटायचं राहिलं आहे त्यानं प्यायचं नाही. तुमचाच नियम, आणि जिच्याशी मिटवायचं ती पायरीवर येऊन बसणार नव्हती. इतकं कळलं होतं तुम्हाला, तर जमादारांकडं का गेला नाहीत, बाबा? ठाणं तिथंच होतं. जमादारही तिथंच होते, बिस्किटं खात होते आपल्या अंगणात. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही ते बोलला नाहीत आणि स्वतःला उपाशी ठेवून घेतलंत, आणि शनिवारी पायरीवर लोटा मात्र चालू ठेवलात. तुमच्या त्या उपासाचा उपयोग कोणाला झाला? मोगऱ्याला झाला असेल.

तुमच्यामागं लोटा चर्चमध्ये काचेच्या कपाटात गेला. पास्टरसाहेबांचा लोटा. नवा पाळक येतो त्याला मंडळीचे पंच आधी तो दाखवतात, आणि भांडण असलं की शनिवारी तो अजून पायरीवर निघतो. ह्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी, मी ड्युटीवर असताना एका सुनेला तिची सासू घेऊन आली. आपल्या मुख्य पंचांची सून, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. उजवा हात मोडलेला. "जिन्याहून पडली," सासू म्हणाली. त्यांच्या घराला जिना नाही, बाबा, बैठं घर आहे, तुम्हीच पाया घातला होता त्याचा. मी मनगट हातात घेतलं आणि तोंडाकडं पाहिलं. सासूला केसपेपर काढायला खिडकीवर पाठवलं, तिथं रांग होती. पोरगी हलक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, शनवारी लोटा हाय आमचा. दुसऱ्यांदा हाय." मी विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती म्हणाली, "मले माह्या मायच्या घरी जायचं हाय, रोहिनखेडले. पन एकडाव पानी पेलो का मंग बोलता येत नाई ना."  माझ्यासमोर शनिवारपर्यंतचाच वेळ होता.

म्हणून शनिवारच्या आधी बोलायचं ठरवलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि पोरीनं खाटेवर बसून, डाव्या हातानं पदर तोंडाशी धरून, सगळं सांगितलं. सासू बाहेर उन्हात उभी राहून मला शिव्या देत होती. शुक्रवारी पंच माझ्या घरी आले. मला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं आहे. खुर्चीवर बसले नाहीत. "पोरी, पोराचं चुकलं, मी नाई कधी म्हनतो? उद्या पायरीवर बसवतो त्याले, साऱ्यादेखत कान धरायले लावतो. पन ठाना कायले? तुह्या बापाच्या गल्लीत आजलोक पोलिसाची गाडी नाई आली."

मी म्हणाले, "आली होती की काका. विहिरीवर आली होती."

त्यांना आठवलं. तोंडावरून कळलं मला. त्या दिवशी दोर ओढायला तेही होते. मी म्हणाले, "तेव्हा बाबा म्हणाले होते, मिटलं होतं. तुमच्या सुनेसाठी तेच वाक्य मला म्हणायचं नाही." ते चप्पल घालून गेले. शनिवारी नव्या पाळकांनी कपाटातून लोटा काढून पायरीवर भरून ठेवला होता, शेवटपर्यंत त्या बिचाऱ्याला वाटत होतं की दोघं येऊन बसतील. त्याऐवजी जीप आली. पोराला घेऊन गेली. सगळी गल्ली दारात उभी होती आणि पायरीवर लोटा तसाच.

फार काही सुधारलं असं समजू नका. पोरगा जामिनावर घरी आला आहे. मंडळीतली माणसं आळीपाळीनं रोहिणखेडला जाऊन पोरीच्या आईला समजावतात, संसार आहे, होतं असं. पोरगी अजून तरी आली नाही. किती दिवस धीर धरेल, देव जाणे. हात जुळतो आहे, तेवढं माझ्या हातात होतं. माझ्याशी कोणी बोलत नाही. मळ्यातल्या थोरल्याचा नातू तेवढा सकाळी भाजी देतो, आणि परवा मोकळ्या हातानं वर मिरच्या टाकल्या त्यानं.

ह्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी उपासनेला गेले. प्याल्यांचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढं दिलं. पंचांना वाटलं, त्यांच्यावरचा राग म्हणून. वाटू दे. त्यांच्याशी माझं काही राहिलेलं नाही, जे बोलायचं ते तोंडावर बोलून झालं. राहिलं आहे ते तुमच्याशी.

लोट्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी त्यात कोथिंबिरीची जुडी उभी करून ठेवत होते. छान राहते, आठवडाभर सुकत नाही. पाहिलं असतंत तर ओरडला असतात. आज दुपारी कोथिंबीर काढली, चिंचेनं लोटा घासला, माठातलं पाणी भरलं आणि ओट्याशी उभी राहून अर्धा लोटा प्यायले. तुमचा अर्धा तसाच ठेवला आहे, झाकण घालून. हे पत्र त्याच्याखाली ठेवीन. संध्याकाळी ते पाणी झाडाला घालणार आहे, कारण मिटलेलं नाही, बाबा. पण अजून घातलेलं नाही.